पाळीवर बसलेला सातवा

सहा धावत आले. सातवा आधीच येऊन बसला होता.

ताडोब्याच्या बफरमधला एक लहानसा तलाव, मे महिना, सकाळचे सात-सव्वासात. पाणी आटून मधोमध उरलेलं, काठाला भेगाळलेला चिखल आणि त्यात जुन्या खुरांचे ठसे वाळून कडक झालेले. आमची जिप्सी मोहाच्या सावलीत उभी होती. इंजिन बंद केल्यावर जंगल लगेच ऐकू येत नाही, कानात थोडा वेळ इंजिनच घुमत राहतं. मग हळूहळू एकेक पाखरू उमटायला लागतं. तसं ते उमटत होतं, तेवढ्यात उजवीकडच्या बांबूत काड्या मोडल्या आणि सांबराची एक मादी सरळ पाण्यात घुसली. तिच्यामागून एक, दोन, मग एकदम चार रानकुत्रे बाहेर पडले. तांबूस अंग, गोल कान, काळी झुपकेदार शेपटी. काठावर येऊन थबकले. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. फक्त एक बारीक शीळ, कुणीतरी दोन बोटं ओठांत धरून हलकेच घालावी तशी. गाईडनं माझ्या कोपराला स्पर्श केला आणि हनुवटीनं पलीकडे दाखवलं. समोरच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पुढचे पाय ताठ करून, आणखी एक बसला होता. आमची गाडी थांबली तेव्हाच मी त्याला पाहिलं होतं आणि मातीचं ढेकूळ समजून नजर पुढे नेली होती. म्हणजे सांबरानं पाण्यात पाय टाकायच्या आधीपासून तो तिथे होता.

त्यानंतरची चाळीस मिनिटं काहीच घडलं नाही, आणि माझ्या आठवणीत तीच सगळ्यात जास्त भरलेली आहेत. सांबर पोटापर्यंत पाण्यात उभं. तिचे कान वेगवेगळ्या दिशांना फिरत होते, एक बांबूकडे, एक आमच्याकडे. अलीकडच्या काठावरचे सहाजण आडवे झाले. एकानं पाणी प्यायलं. एकानं पाठ चिखलात घासली. उन्हं वर चढली तसा चिखलाचा उग्र वास गाडीपर्यंत यायला लागला. पाळीवरचा तेवढा जागचा हलला नाही. शेवटी सांबरानं तोंड फिरवलं आणि ती पाळीच्या दिशेनं निघाली, कारण सहाजण या बाजूला होते आणि दाट झाडी त्या बाजूला. तिचा प्रत्येक पाय चिखलातून सुटताना आवाज होत होता. ती वर चढायला लागली तेव्हा तो उठला. दहा-बारा पावलंच धावला असेल. त्यानं तिला नाकाशी धरलं, आणि ती अडखळली तेवढ्या वेळात बाकीचे काठानं फिरून पोचलेही होते. पुढचं मी सगळं लिहिणार नाही. रानकुत्रे वाघासारखा गळा दाबून धरत बसत नाहीत. जनावर जिवंत असतानाच खायला सुरुवात करतात. आमच्या गाडीत मागे बसलेल्या बाई "चला ना पुढे, चला" म्हणत राहिल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मला मान वळवता येत नव्हती आणि न वळवल्याची लाजही वाटत होती.

मग शीळ पुन्हा झाली. दोघं झाडीत गेले आणि अर्ध्या तासानं परतले, तेव्हा त्यांच्यामागून पाच पिल्लं येत होती, अजून डोक्यापेक्षा कान मोठे दिसतील अशा वयाची. मोठी मंडळी बाजूला झाली आणि पिल्लं खायला लागली. हे मी ऐकून होते. शिकारीवर पहिला घास पिल्लांचा असतो. पण सहा भुकेली जनावरं, तोंडं रक्तानं माखलेली, दोन पावलं मागे सरून उभी राहिलेली पाहणं ही वेगळीच गोष्ट. सगळ्यांच्या शेवटी पाळीवरचा आला. तेव्हा आम्हाला दिसलं की त्याचा मागचा उजवा पाय जमिनीला लागत नव्हता.

परतीच्या वाटेवर गाईड आणि ड्रायव्हर यांच्यात वाद झाला. गाईडचं म्हणणं सोपं होतं : "लंगडा हाये तो. पळता येत नाही, मनून मांगं रायला असंन." ड्रायव्हर बराच वेळ काही बोलला नाही. वळण गेल्यावर म्हणाला, "मांगं रायला असता त मांगं दिसला असता ना. तो समोर होता."

हे एक वाक्य तीन वर्षं माझ्या मागे लागलेलं आहे.

मी वरोऱ्याची. आमच्याकडे रानकुत्र्याचं नाव चांगल्या अर्थानं कधी कुणी काढलं नाही. वाघाला मान होता, बिबट्याची भीती होती, रानकुत्र्याचा फक्त राग होता. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत ते झुडपांवर मुतून ठेवायचे आणि त्या झुडपांतून जनावर पिटाळायचे, म्हणजे त्याचे डोळे जळून ते आंधळं व्हावं. वाघसुद्धा कळप दिसला की झाडावर चढतो, असंही सांगत. खरंखोटं सोडा, पण या गोष्टींतून एक जाणवतं की लोकांना त्यांच्या दातांपेक्षा त्यांच्या डोक्याची धास्ती जास्त होती. साहेबाच्या राज्यात तर रानकुत्रा मारून आणला की रोख इनाम मिळे. शिकाऱ्यांना ते हरणांची नासाडी करणारे लुटारू वाटत. त्यांच्याकडे कुतूहलानं पाहायला आपल्याकडे फार उशीर झाला. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७० च्या दशकात बंदीपूरच्या जंगलात त्यांच्यामागे फिरून अभ्यास केला, तेव्हा कुठे त्यांच्याविषयी नीट काही लिहिलं गेलं. आज जगभरात प्रजननक्षम रानकुत्रे ९४९ ते २,२१५ च्या दरम्यान असावेत असा अंदाज आहे. त्यातला वरचा आकडा धरला तरी वरोऱ्याच्या बाजाराच्या दिवशी गावात त्याहून जास्त माणसं असतात. आणि तरीही सफारीत रानकुत्रे दिसले की गाडीतून निराश आवाज येतो, "अरे, कुत्रेच आहेत." मला ते ऐकून दरवेळी वाईट वाटतं.

घरी आल्यावर मी वाचायला लागले, कारण ड्रायव्हरचं बरोबर की गाईडचं, हे मला कळायला हवं होतं. पहिल्यांदा हाती आलं ते मन खट्टू करणारं होतं. २०११ साली काही संशोधकांनी संगणकात लांडगे तयार केले आणि त्यांना दोनच नियम दिले. पहिला : सावजाकडे जा, पण इजा होणार नाही इतकं अंतर राखून थांबा. दुसरा : त्या अंतरावर पोचलात की शेजारच्या लांडग्यापासून लांब सरका. बस्स. या दोन नियमांवर ते पडद्यावरचे लांडगे सावजाचा माग काढायला लागले, पाठलाग करायला लागले आणि शेवटी त्याला गोल घेरून उभे राहिले. पुढारी नाही, इशारे नाहीत, ठरवाठरवी नाही. आपण ज्याला डावपेच म्हणतो ते सगळं "जवळ जा" आणि "एकमेकांपासून सरका" यातूनच उभं राहिलं. मी ते रात्री उशिरा वाचलं आणि काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. पाळीवरचा तो ताठ बसलेला जीव एकदम बाहुलीसारखा वाटायला लागला.

दोन-तीन दिवसांनी, भाजी निवडताना, त्या प्रयोगातली एक गोष्ट ध्यानात आली. संगणकातले ते लांडगे अगदी एकसारखे होते. कुणालाही कुणाच्या जागी ठेवा, काही फरक पडत नव्हता. त्यांच्यात म्हातारा नव्हता, पोटुशी नव्हती, पहिल्याच पाठलागात भांबावलेलं वर्षाचं पिल्लू नव्हतं. त्यांच्यात एकही लंगडा नव्हता.

खऱ्या कळपात सगळे वेगवेगळे असतात. नामिबियातल्या एटोशाच्या उघड्या माळावर फिलिप स्टँडर यांनी वर्षानुवर्षं सिंहिणींच्या शिकारी नोंदवल्या आणि १९९२ साली जे मांडलं ते वाचताना मला हुतुतूचा संघ आठवला. काही सिंहिणी कायम बगलेवर राहतात, लांबून वळसा घेतात आणि सावजाला हुसकतात. काही मधोमध दबा धरून बसतात. प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि जेव्हा जास्तीत जास्त जणी आपापल्या सवयीच्या जागी असतात तेव्हा शिकार साधण्याची शक्यता वाढते. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात ख्रिस्तोफ बोश यांनी चिंपांझींची माकडांवरची शिकार पाहिली. एकजण हाकतो, काहीजण झाडांच्या फांद्या अडवून बसतात आणि एकजण माकडं पुढे कुठून जातील ते ताडून आधीच पुढे जाऊन थांबतो. या शेवटच्यावर मी बराच वेळ थांबले. बोश यांनी त्याला जे श्रेय दिलं ते सगळ्यांना मान्य नाही. प्रत्येक चिंपांझी स्वतःला बरी पडेल ती जागा धरतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यात योजना दिसते, असं म्हणणारेही आहेत. म्हणजे आमच्या जिप्सीतला वाद तिकडे मोठ्या विद्यापीठांतही चालू आहे, हे कळल्यावर मला गाईड आणि ड्रायव्हर दोघांविषयी आदर वाटला.

ऑस्ट्रियात लांडगे आणि कुत्रे एकाच पद्धतीनं वाढवून त्यांच्यावर प्रयोग करणारं एक केंद्र आहे. तिथे दोरीची दोन टोकं दोघांनी एकाच वेळी ओढली तरच खाण्याचा ट्रे जवळ येतो, अशी परीक्षा घेतली. एकट्यानं ओढली तर दोरी निसटून येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या निकालात लांडग्यांच्या जोड्यांना ते बऱ्याचदा जमलं आणि कुत्र्यांना जवळपास जमलंच नाही. माणसाच्या संगतीत कुत्र्यानं जे गमावलं त्यात हेही असावं. आमच्या गल्लीतली पाच-सहा कुत्री रात्री मोटरसायकलमागे धावतात ती मी गच्चीवरून बघते. सगळी एकाच बाजूनं धावतात. पुढच्या चौकात जाऊन थांबलेलं मी अजून एकही पाहिलेलं नाही.

आता डायनोसॉरकडे येते, कारण माझा भाचा. तो सात वर्षांचा, पुण्यात राहतो आणि फोनवर मला फक्त दोनच गोष्टी विचारतो : वाघ दिसला का, आणि रॅप्टर जिंकेल की वाघ. त्याच्या डोक्यातले रॅप्टर दारं उघडतात, एकमेकांना खुणा करतात, एक समोरून लक्ष वेधून घेतो आणि दुसरा बाजूनं येतो. ही प्रतिमा आली कुठून हे शोधायला गेलं की आपण १९६४ सालच्या अमेरिकेतल्या मोंटानात पोचतो. जॉन ऑस्ट्रम यांना तिथे डायनोनिकसचा पंजा सापडला, पायाच्या एका बोटावर कोयत्यासारखी नखी असलेला, आणि १९६९ मध्ये त्यांनी त्या प्राण्याचं वर्णन केलं. चपळ, हलका, शेपटीनं तोल सावरणारा. डायनोसॉर म्हणजे सुस्त पाली ही समजूत तिथून मोडायला लागली. एका मोठ्या शाकाहारी डायनोसॉरच्या हाडांपाशी एकाहून जास्त डायनोनिकसचे अवशेष निघाले. एवढ्या लहान जनावरानं एकट्यानं एवढं मोठं धूड पाडलं नसणार, तेव्हा ते कळपानं शिकार करत असणार, असा विचार पुढे आला. तो इतका देखणा होता की जगानं तो लगेच स्वतःचा करून टाकला.

पण हाडं एकत्र सापडली म्हणजे शिकार एकत्र केली असं होत नाही. मेलेल्या बैलावर गिधाडंही जमतात. २००७ मध्ये दोन संशोधकांनी हेच म्हटलं : कोमोडो बेटावरच्या घोरपडी जशा एका मढ्यावर गोळा होतात, एकमेकींना ओरबाडतात, कधी एखादीला मारूनही टाकतात, तसंच ते असू शकेल. पुढे २०२० मध्ये दातांतल्या कार्बनची तपासणी झाली. लहान डायनोनिकसचे दात आणि मोठ्यांचे दात वेगळी कहाणी सांगत होते. पिल्लं एक खात होती, मोठे दुसरं. सुसरी-मगरींत असंच असतं. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू किडे-मासोळ्यांवर स्वतःचं स्वतः जगतं, आई त्याला काही भरवत नाही. कळपानं शिकार करून पोरांना खाऊ घालणाऱ्यांत मात्र लहानमोठ्यांच्या दातांत एकच जेवण उतरतं.

हे वाचलं आणि डोळ्यांसमोर ती पाच पिल्लं आली, सांबराच्या पोटात तोंड घालून, आणि दोन पावलं मागे उभे असलेले सहाजण. ज्यासाठी मी मान वळवली नव्हती ते दृश्य, त्यातला सगळा उग्रपणा आणि सगळी माया, त्या पिल्लांच्या दातांत लिहिली जात होती. कोटी वर्षांनी कुणी ते दात तपासले तर त्याला कळेल की या प्राण्यांत मोठ्यांनी लहानांना आधी जेवू दिलं. पाळीवर कुणीतरी बसलं होतं, हे मात्र कुठल्याच दातात उतरणार नाही.

चीनच्या शांतुंग प्रांतात रॅप्टर जातीच्या सहा प्राण्यांच्या पावलांच्या रांगा एका दिशेनं, समांतर गेलेल्या सापडल्या आहेत. म्हणजे काही जाती एकत्र चालत तरी असाव्यात. आणि प्रत्यक्ष झुंजीचा जो सर्वांत थरारक जीवाश्म आपल्याकडे आहे, १९७१ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात निघालेला, त्यात एकच वेलोसिरॅप्टर आहे. त्याची नखी समोरच्या प्रोटोसेराटॉप्स या शाकाहारी डायनोसॉरच्या मानेशी रुतलेली, त्याचा हात समोरच्याच्या चोचीत अडकलेला, आणि दोघं तसेच वाळूखाली गाडले गेलेले. भाच्याला मी ते चित्र पाठवलं. त्यानं बराच वेळ उत्तर दिलं नाही, मग विचारलं, "मावशी, त्याचे मित्र कुठे होते?" मला काही सुचलं नाही.

गेल्या दिवाळीत वरोऱ्याला गेले तेव्हा चुलतभावाला घेऊन पिसदुरा या जवळच्या गावी, जिथे डायनोसॉरचे अवशेष निघतात तिथे, जाऊन आले. इतकं जवळ असून आयुष्यात कधी गेले नव्हते. लालसर मातीची वावरं, कापूस फुटलेला, बांधावर बोरीची झुडपं. नांगरटीत वर आलेले करडे-काळपट गोटे धुऱ्यापाशी पडलेले होते, काही मुठीएवढे, काही दुधीच्या आकाराचे, वळ्या पडल्यासारखे. या परिसरातून गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत महाकाय शाकाहारी डायनोसॉरची हाडं निघाली आणि त्याबरोबर हे गोटे, म्हणजे विष्ठेचे झालेले दगड. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पिसदुऱ्याच्या गोट्यांत गवताचे सूक्ष्म कण शोधून काढले. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच असं समजलं जाई. २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणानं जगाची पुस्तकं बदलली. मी एक गोटा उचलला, तळहातावर ठेवला, आणि जिथून उचलला तिथेच परत ठेवला. गुळगुळीत नव्हता. ऊन खाऊन कोमट झाला होता.

आमच्या गाईडनंही त्या सकाळी परत येताना गाडी थांबवून रस्त्याच्या तिठ्यावरची रानकुत्र्यांची विष्ठा दाखवली होती. ते एकाच जागी, वाटा मिळतात तिथे, सगळे मिळून घाण करतात. तो त्यांचा फलक असतो. त्यानं काडीनं ती उकलली होती आणि आत चितळाचे केस दिसले होते. काय खाल्लं ते साडेसहा कोटी वर्षांनंतरही कळतं, आणि दोन दिवसांनंतरही. कसं मिळवलं ते दुसऱ्या सकाळी पुसलं गेलेलं असतं. त्या गवत खाणाऱ्या धुडांवर टपलेले शिकारीही इथे असणारच. नर्मदेच्या नावावरून ओळखला जाणारा राजासॉरस त्याच थरांतला, गुजरातेत सापडलेला. तो एकटा हिंडे की जोडीनं, कुणी त्याच्यासाठी नाल्याच्या उतारावर दबा धरून बसे का, याचा गोटा होत नाही.

लॉस एंजेलिस शहराच्या मधोमध ला ब्रियाचे डांबराचे खड्डे आहेत. हिमयुगात त्यांत अडकलेल्या जनावरांवर शिकारी झेपावले आणि तेही अडकले. तिथून ४,००० हून अधिक डायर वुल्फ, म्हणजे लांडग्यासारखे नामशेष शिकारी, निघाले आहेत. पण मला जो प्राणी आठवत राहतो तो एक स्मायलोडॉन, तलवारीसारख्या सुळ्यांची मांजरवर्गातली प्रचंड शिकारी. त्याच्या कमरेचा सांधा वाकडा होता. मार लागून तसं झालं असं बरीच वर्षं मानलं गेलं. २०२१ मध्ये स्कॅन करून पाहिलं तेव्हा कळलं की दोष जन्मापासूनचा होता. म्हणजे ज्याला कधीच नीट झेप घेता आली नसेल असं पिल्लू पूर्ण वाढून मोठं झालं होतं. कुणीतरी त्याला खाऊ दिलं, निदान खाताना हाकललं नाही, असा अंदाज त्यावरून करतात. मला हे वाचून समाधान झालं आणि पाठोपाठ एक शंकाही आली. लंगड्याला पोसलं, एवढंच का आपल्याला सुचतं? त्यानंही काही दिलं असेल, हे का नाही?

या शंकेचं मूळ मला ठाऊक आहे. आमचे आबाजी.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. खांबाड्याच्या बाजूला आमचं वावर होतं. एका संध्याकाळी नवीन आणलेला गोऱ्हा दावं तोडून उधळला. अजून वेसण घातलेली नव्हती. काका, दोन सालदार, शेजारचा पोरगा, माझे भाऊ, सगळे त्याच्यामागे. तो तुरीतून कापसात, कापसातून परत तुरीत. आरडाओरडा, धूळ, पोरांचा नुसता कल्ला. मी गोठ्याच्या चौथऱ्यावर उभी राहून बघत होते, म्हणून मला दिसलं की आबाजी खाटेवरून उठले, काठी घेतली आणि भलत्याच दिशेला निघाले. त्यांचा गुडघा कधीचाच गेलेला. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, दुसरं टाकायचे. कुणी त्यांना बोलावलं नाही, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पांदणीतून उतरून ते नाल्याच्या उतारापाशी गेले. दोन्हीकडे काटेरी कुंपण आणि मधे गाडीपुरती वाट. तिथे बाभळीला टेकून उभे राहिले. पाच-सात मिनिटांनी सगळ्यांनी हाकत हाकत दमलेला तो गोऱ्हा बरोबर त्या वाटेनं खाली आला. आबाजींनी काठी आडवी धरली आणि तोंडानं 'हो हो हो' असा हळू आवाज काढला. गोऱ्हा थांबला. त्याच्या नाकातून फेस येत होता. आबाजींनी गळ्यातलं तुटकं दावं धरलं, कपाळ खाजवलं, आणि मागून धापा टाकत आलेल्या काकांच्या हातात दिलं.

रात्री जेवताना मी विचारलं, आबाजी, तुम्हाला कसं कळलं तो तिकडूनच येणार? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला.

"मले पळता येत नोयतं ना, बाई."

तेव्हा मला वाटलं होतं त्यांनी उत्तर टाळलं. आता वाटतं त्यांनी अगदी नेमकं उत्तर दिलं होतं. ज्याचे पाय शाबूत असतात तो जनावराच्या मागे धावतो, त्याला दुसरं काही पाहावं लागत नाही. ज्याला धावता येत नाही त्याला वावराचा उतार बघावा लागतो, कुंपणं बघावी लागतात, कोण कुठल्या बाजूनं ओरडतंय ते ऐकावं लागतं, जनावर दमलं की कुठे वळेल ते आधीच्या दहा वेळांवरून आठवावं लागतं. मागे धावणाऱ्या पाचजणांशिवाय आबाजींची काठी काही कामाची नव्हती. आणि आबाजी तिथे नसते तर तो गोऱ्हा रात्रभर सापडला नसता. त्यात अक्कल कुठे होती, आबाजींच्या डोक्यात की सगळ्यांच्या मिळून, हे मला सांगता येत नाही. गाईडही बरोबर होता आणि ड्रायव्हरही, इथपर्यंत मी आले आहे. तो लंगडा होता म्हणून पळाला नाही. आणि तो समोर होता.

यंदा उन्हाळ्यात जाणं झालं नाही. मे अखेरीस गाईडला फोन केला, घरचं विचारलं, पाणी किती उरलंय ते विचारलं. कळप ठीक आहे म्हणाला, गेल्या वर्षीची पिल्लं आता ओळखू येत नाहीत इतकी भरली आहेत, एकूण नऊ आहेत. लंगडा दिवाळीनंतर दिसला नाही. मी काही बोलले नाही. मग त्यानं स्वतःहूनच सांगितलं की पंधरा दिवसांपूर्वी त्याच तलावावर त्यांनी सांबर पाण्यात घातलं होतं. सगळे नऊ बांबूच्या बाजूला. तासभर बसले.

"मंग?"

"मंग काय ताई, पाळीवर कोणीच नोयतं. सांबर तिकून चढलं अन् निंगून गेलं."

मागून त्याच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. थोडं थांबून तो म्हणाला, "एक लहान आहे त्यातली. सांबर गेल्यावर ती पाळीवर जाऊन वास घेत रायली. लई वेळ."